सियाच्या आईचा तास

सोमवार, १० नोव्हें.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा आज उघडली. दुपारी सावंतबाई घरी आल्या, हातात फाइल. मुख्याध्यापिका झाल्यापासून त्या फाइलशिवाय दिसत नाहीत.

"वहिनी, तुम्ही शाळेच्या नाही आणि परक्याही नाही. हे काम तुम्हीच करा."

एक संस्था शाळेला मदत करणार आहे. आधी त्यांना अहवाल हवा. दोन रकाने. डावीकडे 'शाळेची बलस्थाने', उजवीकडे 'सुधारणेच्या गरजा'. शिक्षकांनी लिहायचा नाही, वस्तीतल्या कुणीतरी लिहायचा. पंधरा डिसेंबरपर्यंत.

मी म्हटलं, अहो मी कॉन्व्हेंटची. मराठी शाळेच्या बाकावर एक दिवस बसलेली नाही.

"म्हणून तर. तुम्हाला सगळं नव्याने दिसेल."

सासूबाईंनी याच शाळेत शिकवण्यात आयुष्य घालवलं, ते त्या बोलल्या नाहीत. पण नजर भिंतीवरच्या सासूबाईंच्या फोटोकडे गेली होती. मग मला नाही म्हणवेना.

हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "सिस्टर, शाळेला नापास करू नका हं."

बुधवार, १२ नोव्हें.

सकाळी सव्वासातला शाळेत. लालबागच्या आमच्या गल्लीच्या टोकाला, चार खोल्या, पहिली ते चौथी. इतकी वर्षं समोरून जाते, आत कधी बसले नव्हते. प्रार्थनेला मुलं डोळे मिटतात आणि एक डोळा किलकिला ठेवतात. आमच्या कॉन्व्हेंटातही तेच. सिस्टर कितीही पाठीमागे उभ्या राहिल्या तरी.

तिसरीच्या वर्गात बसले. बावीस मुलं. वर्गशिक्षिका शीतलबाई, वय असेल तिशीचं, आवाज चढवत नाहीत. मागच्या खिडकीतून मसाला कुटणाऱ्या डंकावरच्या मिरचीचा वास. उघडली तर ठसका, मिटली तर उकाडा. नऊ वाजता सगळा वर्ग एकदम शिंकला. शीतलबाई म्हणाल्या, "चला, आता बेरीज." जणू शिंकणं वेळापत्रकातच आहे.

शेवटचा अर्धा तास 'आईचा तास'. याच्याविषयी सासूबाईंकडून ऐकलं होतं, बघितला आज. रोज एका मुलाची आई येते, कपाटातून गोष्टीचं पुस्तक काढते, वर्गाला वाचून दाखवते. महिन्यातून एकदा प्रत्येकीचा नंबर. गिरण्या बंद पडल्या, घरोघरचे पुरुष बेकार झाले, शाळेत एक बाई कमी झाली, तेव्हा सासूबाईंनी गल्लीतल्या बायकांना वर्गात आणून बसवलं. तेव्हापासून चालू आहे. दाराबाहेर छोटा फळा, त्यावर पूर्ण महिन्याची यादी, फक्त नाव आणि तारीख. आडनाव नाही. जी आली नाही तिच्या नावाला फुल्ली.

आज ओवीची आई. घरी केक करून विकते. कोल्ह्याचा आवाज वेगळा, म्हातारीचा वेगळा. ओवी पहिल्या रांगेत, मान इतकी ताठ की मलाच अवघडल्यासारखं झालं.

घरी येऊन डाव्या रकान्यात पहिलंच लिहिलं: १. आईचा तास. खाली रेघ मारली.

शुक्रवार, १४ नोव्हें.

उजवा रकाना भराभर भरतोय. मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी. पिण्याच्या पाण्याचा नळ पहिलीच्या मुलांना पुरत नाही, एक जण दुसऱ्याला उचलतो. (हे डावीकडे लिहावं का?) तिसरीच्या वर्गातला पंखा फिरतो कमी, बोलतो जास्त. गोष्टींची पुस्तकं जीर्ण, काहींची शेवटची पानं गेलेली. मुलं शेवट स्वतः करून घेतात.

मधल्या सुट्टीत एक मुलगी जवळ येऊन उभी राहिली. दोन वेण्या, एक सुटलेली. माझी वही तिच्या बाजूने उलटी होती तरी घडाघडा वाचली.

"बलस्थाने म्हणजे काय, आजी?"

म्हटलं, शाळेत जे जे चांगलं आहे ते.

"मग त्यात मला लिहा. सिया. तिसरी."

शीतलबाई हसल्या. म्हणाल्या, ती दिसेल ते वाचते. औषधाच्या बाटलीवरचं, आग विझवायच्या नळकांड्यावरचं, वडापावच्या कागदावरचं. वर्गात सगळ्यात आधी वाचायला लागली ती.

मंगळवार, १८ नोव्हें.

फळ्यावर आज नाव होतं 'रेश्मा'. कोण विचारलं तर सियाची आई. आली नाही. सियाही आली नाही. गोष्ट शीतलबाईंनीच वाचली.

नंतर म्हणाल्या, "आईचा नंबर असला की सियाचं पोट दुखतं. जूनपासून असंच. एरवी एक दिवस चुकवत नाही."

"आणि आई?"

"फोन केला की म्हणतात, हो बाई, येते. आणि येत नाहीत."

ओवीची आई दाराशी होती. "काहींना वेळच नसतो हो. स्टेटसला फोटो टाकायला मात्र असतो."

शीतलबाई पुस्तक कपाटात ठेवायला वळल्या. पोटदुखीचं ऐकल्यापासून मलाच कसंतरी होतंय. ते का, ते आज लिहीत नाही.

गुरुवार, २० नोव्हें.

पालकांसाठी छापलेला कागद आहे, शाळेबद्दल दहा प्रश्न. शाळा सुटताना मी ते गेटवर वाटत होते. सियाला न्यायला तिची आई आली होती. पहिल्यांदाच पाहिली. लहानखुरी, वय तीस-बत्तीस, केस घट्ट बांधलेले. लोअर परळच्या एका ऑफिसच्या बिल्डिंगमध्ये हाउसकीपिंगला असते. नवरा टेम्पो चालवतो, चार-चार दिवस बाहेर.

कागद दिला. तिने घडी घालून पर्समध्ये ठेवला. म्हटलं, इथेच भरून दिलात तर बरं.

"आंटी, तुम्ही विचारा ना. मी बोलते, तुम्ही लिहा."

सिया तिचा हात ओढत होती. "आई, चल ना. चल ना आई." तिला पाणी प्यायला पाठवलं. ती पाठमोरी झाल्याबरोबर रेश्मा म्हणाली, अगदी साध्या आवाजात, पत्ता सांगावा तसं:

"वाचता येत नाही मला. गावाला दुसरीत होते, मग भावंडं सांभाळली. नंबर येतात. बिल्डिंगचे बत्तीस मजले येतात. अक्षरं नाही."

"सियाला ठाऊक आहे?"

"तीच तर सगळं वाचून दाखवते मला. घरी. दार लावून."

मग बाकीचं कळलं. आईने वर्गात येऊ नये हे सियाच धरून बसलीय. आई आली तर पुस्तक हातात देतील, आणि सगळ्यांना कळेल. पुढच्या वर्षी माहीमला मावशीकडे राहून तिकडच्या शाळेत जायचं म्हणते. का, तर तिकडच्या शाळेत आयांना बोलवत नाहीत.

"आठ वर्षांची पोर. माझ्यापासून लांब राहायला तयार आहे, माझी लाज झाकायला. मार्चमध्ये दाखला काढायचा ठरलंय. कुणाला सांगू नका हां आंटी."

सिया पाणी पिऊन आली. माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिच्या दप्तरात हात घातलाय.

शनिवार, २२ नोव्हें.

लिहून टाकते, नाहीतर डोक्यातच फिरत राहील.

मी चौथीत. शाळेत पेरेंट्स डे. सिस्टरांनी आईवडिलांसाठी चिठ्ठी दिली होती. बाबा मुंबईबाहेर होते, म्हणजे आई एकटी येणार. आईला इंग्रजी येत नव्हतं. मराठी तिचं असं की गिरगावातल्या आमच्या गॅलरीत ती बोलायला लागली की शेजारणी हातातलं काम टाकून बाहेर यायच्या. पण माझ्या वर्गमैत्रिणींच्या आया सिस्टरांशी हसून इंग्रजीत बोलायच्या. मी चिठ्ठी दप्तराच्या तळाशी ठेवली आणि दिली नाही.

आईला कळलं ते खालच्या मजल्यावरच्या मालूताईंकडून. त्यांची मुलगी माझ्याच शाळेत होती. आईने मला विचारलं नाही. बोलावलेलं नाही तर जाऊ कशी, असं काहीतरी तिने मनाशी ठरवलं असावं. त्या दिवशी मी शाळेतून आले तर आई ओट्याशी पोळ्या लाटत होती, अंगावर लग्नाकार्याची निळी साडी, इस्त्री केलेली. तयार होऊन बसली होती. कोणी बोलवायला येईल असं वाटलं असेल. मला वाढलं. "कसा झाला कार्यक्रम?" एवढंच.

आई जाऊन किती वर्षं झाली. मी तिला कधीच सांगितलं नाही. तिनेही कधीच.

सोमवार, २४ नोव्हें.

सावंतबाईंकडे गेले. रेश्माचं गुपित सांगायचं नव्हतं. म्हटलं, सियाच्या आईला नोकरीमुळे जमत नाही, डिसेंबरच्या यादीतून तिचं नाव वगळा. पोरीचं पोट तरी दुखायचं थांबेल.

"एकीला सूट दिली की उद्या चौघी मागतील, वहिनी."

"नाही मागणार. मी बघते."

शेवटी मानल्या. घरी येताना बाजारातून ओले वाटाणे आणले, कितीतरी दिवसांनी उसळ केली. हे म्हणाले, आज काय विशेष. म्हटलं, काही नाही, एक चांगलं काम झालं.

शुक्रवार, २८ नोव्हें.

डिसेंबरची यादी लागली. मुलं फळ्याभोवती, आपापली आई शोधत. सियाने वरून खाली वाचलं. पुन्हा खालून वर.

आरुष म्हणून एक मुलगा आहे, बोलण्यात पुढे, वाचायची वेळ आली की याला लगेच तहान लागते. त्याने बोटाने नावं मोजली. "एकवीसच! सिया, तुझी आईच नाही!"

कुणीतरी मागून म्हणालं, "तिच्या आईला शाळेतून काढलं."

आईच्या तासाला सिया दप्तर मांडीवर घेऊन बसली, निघायच्या तयारीत असल्यासारखी.

मी काही चुकीचं तर केलं नाही ना? वाटलं, होईल सवय.

सोमवार, १ डिसें.

सात वाजता गेटवर रेश्मा. ऑफिसच्या निळ्या युनिफॉर्ममध्ये, पर्स छातीशी. शिफ्टला जायची घाई. मला बघितल्याबरोबर:

"आंटी, माझं नाव तुम्ही काढलंत?"

हो म्हटलं. तुझ्यासाठीच. सियासाठी.

"मी बोलले होते काढा?"

"नाही, पण..."

"येत नव्हते तो माझा प्रश्न. नाव तर होतं ना तिथे? बावीस आया होत्या ना? ती रोज येता-जाता वाचायची. 'आई, आज तुझ्या नावाला फुल्ली नाही, आई, आज तुझं नाव वरून तिसरं.' आता घरी येऊन काय बोलते, माहितीये? 'बरं झालं.' बरं झालं बोलते आणि जेवत नाही."

मी माफी मागितली.

रेश्माने घड्याळ बघितलं. "सुपरवायझर बोंबलेल. नाव लावा परत. मी येते."

"कधी?"

"गुरुवारी माझी सुट्टी असते. दर गुरुवारी. सहा महिन्यांत कुणी विचारलंच नाही मला, कुठला वार जमतो ते. मंगळवार टाकतात, शुक्रवार टाकतात."

गेली. मी पायरीवर बसून राहिले. शीतलबाईंनी पाणी आणून दिलं, मी न मागता.

बुधवार, ३ डिसें.

आयांची बैठक. रेश्मा कामावर, तिच्या वतीने मी. मी म्हटलं, चूक माझी, नाव मी काढायला लावलं. तिला कुठलाही गुरुवार द्या.

११ तारीख ओवीच्या आईची होती. "माझी देते. पण वाचणार ना नक्की? नाहीतर ऐनवेळी बाईंनाच वाचावं लागतं. हा गोष्टीचा तास आहे, हजेरीचा नाही."

सावंतबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना आता अंदाज आला असावा. म्हणाल्या, "सासूबाई तुमच्या काय म्हणायच्या, वहिनी? आईने वाचायचं की आईने यायचं?"

खरं सांगायचं तर मला आठवत नाही. सासूबाई शाळेविषयी बोलायच्या तेव्हा मी माझ्याच विचारात असायचे. नुसतीच मान हलवली. ओवीची आई म्हणाली, "अहो घ्या ना तारीख. मी काय नाही म्हणतेय का? मी फक्त विचारलं."

फळ्यावर शीतलबाईंनी ११ च्या पुढे लिहिलं: रेश्मा. ओवीच्या आईचं नाव १९ तारखेवर गेलं.

घरी येऊन अहवालाची वही उघडली. १. आईचा तास, खाली रेघ. ते खोडलं. उजवीकडे लिहायला गेले तर तेही पटेना. कोणत्याच रकान्यात बसत नाही असं काही असेल तर काय करायचं, हे संस्थेच्या कागदावर कुठे लिहिलेलं नाही. ह्यांना विचारलं. "मधे रेघ आहे ना, तिच्यावर लिही."

शनिवार, ६ डिसें.

शाळा बंद. शीतलबाई घरच्यांबरोबर दादरला, चैत्यभूमीवर येणाऱ्यांना पाणी द्यायला. दुपारी त्यांचा फोन आला, मागे प्रचंड गलका.

"ताई, एक सांगायचं राहिलं. जूनपासून रेश्माताईंना मी किती फोन केले. एकदाही विचारलं नाही, कोणता दिवस चालेल. मी माझीच यादी वाचून दाखवत राहिले."

म्हटलं, मी काय वेगळं केलं?

"इथे पुस्तकांचे स्टॉल आहेत. मुलांसाठी दोन घेतली. शेवटच्या पानांसकट."

बुधवार, १० डिसें.

सिया आज वर्गात होती, पण मधल्या सुट्टीत डबा उघडला नाही. फळ्याकडे पाठ करून बसली.

संध्याकाळी रेश्माचा आवाजी मेसेज. "आंटी, हिने आत्ताच चालू केलंय, पोट दुखतंय, पोट दुखतंय. ओवा दिला. मी उद्या येणार. ती आली तरी, नाही आली तरी."

मागून बारीक आवाज: "आई, नको ना. प्लीज."

मेसेज तिथेच संपला. मी दोनदा ऐकला. तिसऱ्यांदा ऐकवेना.

गुरुवार, ११ डिसें.

सिया आली नाही.

साडेअकराला दोन मिनिटं कमी असताना रेश्मा आली. पिवळा पंजाबी ड्रेस, ओढणीला पिन. दारात चप्पल काढली, मग बघितलं की मुलांच्या चपला आतच आहेत, तर पुन्हा घातली. शीतलबाईंनी खुर्ची दिली. ती बसली, उठली, मुलांसमोर सतरंजीवर बसली. शीतलबाईंनी नव्या पुस्तकांतलं एक हातात दिलं. वर कोंबड्याचं चित्र.

तिने पुस्तक मांडीवर ठेवलं. उघडलं नाही.

"मला वाचता येत नाही," म्हणाली. "तुम्ही वाचा. मी ऐकते."

पंखा तेवढा बोलत होता. आणि आरुष हसला. खो-खो नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा. "एवढी मोठी आणि वाचता येत नाही?"

शीतलबाई पुढे होणार तेवढ्यात रेश्माच हसली. "हो ना. बघ की. तू कितवीत?"

"तिसरी."

"मी दुसरीतच राहिले. म्हणजे तू माझ्या पुढच्या वर्गात. ये, वाच."

आरुषला तहान लागली नाही. लागली असेल, पण सगळे बघत होते. पुस्तक घेतलं. पहिलं वाक्य म्हणजे दगडधोंड्यांवरून चालणं. तिसऱ्या शब्दाला अडला, चौथा चुकला. ओवी ओरडली, "चुकलं! चुकलं!"

"चुकू दे," रेश्मा म्हणाली. "मला कुठे कळतंय? मला सांग, कोंबडा गेला कुठे?"

"गावाबाहेर."

"का?"

आरुषला का ते ठाऊक नव्हतं. त्याने पुन्हा मागे जाऊन वाचलं. स्वतःहून. बोट ठेवून. "कारण... त्याला... कोणी... उठवायला... सांगितलंच नाही!" आणि वर्गाकडे असं बघितलं, जणू ते कारण त्यानेच शोधून काढलं.

मग सगळ्यांनाच वाचायचं होतं. मी, मी, काकी मी. जे कधी हात वर करत नाहीत तेही. रेश्मा प्रत्येकाला मधेच थांबवून विचारायची, मग? कोण बोललं असं? खरं की खोटं? आणि वाचणारा परत पान चाळायचा. ती खरंच विचारत होती. तिला खरंच ठाऊक नव्हतं. वाचणाऱ्याला कोणी 'पुढे' म्हणत नव्हतं, 'नीट वाच' म्हणत नव्हतं. आम्हा शिकलेल्या बायकांना हे जमलं नसतं, आमचं तोंड लगेच उघडतं.

शीतलबाई मागच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "आरुष पाच ओळी वाचला. जूनपासून एकही वाचली नव्हती."

घंटा झाली. गोष्ट अर्धी. कोंबडा अजून बेपत्ता. मुलांनी ओरडा केला.

गेटपर्यंत मी रेश्माबरोबर गेले.

"सिया असती तर..." मी म्हटलं.

"ती नव्हती म्हणून बोलता आलं. असती तर तिच्या तोंडाकडे बघून गप्प झाले असते." मग ओढणीची पिन काढत: "पण मी यायचं की नाही, हे तिच्या पोटावर किती दिवस ठेवू?"

"घरी सांगणार?"

"काय सांगू? उद्या शाळेत पोरं सांगतीलच. तिने ते बाहेर ऐकायचं आहे की घरी, तेच कळत नाही मला." मग म्हणाली, "माहीमला नाही पाठवणार, असं मी अजून बोललेली नाही तिला. बहिणीला हो सांगून बसलेय."

शुक्रवार, १२ डिसें.

शाळेत लवकर गेले. गेट नुकतंच उघडलं होतं. पायरीवर सिया. एकटी, दप्तर पाठीवर, दोन्ही वेण्या घट्ट.

"पोट बरं आहे?"

मी शेजारी बसले. आम्ही दोघी समोरच्या दुकानाचं शटर बघत बसलो.

"आईने वाचलं?"

"नाही."

"मग सांगितलं?"

"हो. पहिल्यांदा तेच सांगितलं."

तिने दप्तराचे पट्टे दोन्ही हातांनी धरले.

"हसलं कोण?"

तिच्या आईने तिला हे सांगितलं नव्हतं. 'कोणी नाही' असं मी म्हणू शकले असते. तिच्या वयाची असताना मी फक्त गप्प राहून केवढं केलं होतं.

"एक जण हसला," म्हटलं.

"कोण?"

नाव नाही सांगितलं. तिने फार आग्रह केला नाही.

"मग आई रडली?"

"नाही. तीही हसली."

"खोटं."

"कुणालाही विचार."

ती विचार करत राहिली. आईला वर्गासमोर हसताना डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न करत असावी. चेहऱ्यावरून जमतंय की नाही ते मला कळेना.

मुलं यायला लागली. आरुष गेटमधून धावतच आत, बूट हातात, तोंडात बिस्किट.

"सिया! ए सिया! मी काल पुस्तक घरी नेलं, बाईंना विचारून. कोंबडा सापडला! तुझ्या आईला सांग!"

सिया उठली. स्कर्टची धूळ झटकली. त्याच्याकडे न बघता म्हणाली,

"तूच सांग तिला."

रागाने म्हणाली की आणखी कशाने, मला ओळखता आलं नाही. घंटा झाली आणि ती रांगेत जाऊन उभी राहिली, आरुषच्या मागे, हातभर अंतर सोडून.